खरवडलेला नंबर

पियानो दुरुस्त करणाऱ्या बाईंनी वरचं झाकण उघडलं आणि आत बॅटरी मारली. ज्यावरून पियानोचं साल कळतं तो कारखान्याचा नंबर असतो त्या फळीवरचं लाकूड खरवडलेलं होतं.

"नंबर नाही का?" थोरल्या बहिणीने विचारलं.

"होता. कुणीतरी घालवलाय."

थोरलीने थेट धाकट्या भावाकडे पाहिलं. दोघं मिळून पियानो संगीतशाळेला देणार होते. देणगीच्या पाटीवर त्याचं साल लिहायचं होतं आणि तिथेच गाडं अडलं होतं. बाबांनी लग्नानंतर आईसाठी नवा कोरा आणला, म्हणजे पंचावन्न वर्षांचा, असं थोरली म्हणे. भावाच्या मते शंभरी कधीच उलटली होती.

"पियानोची किल्ली तुझ्याकडेच असते ना रे?"

"ताई, उगाच माझ्यावर आळ घेऊ नकोस. मी हातसुद्धा लावलेला नाही."

"मग काय, उंदरांनी नेमका नंबरच खाल्ला?"

बाईंनाही भावाची शंका येत होती. आल्यापासून तो तीनदा म्हणाला होता, 'शंभर तरी लिहाच.' पण ताजी खरवड पांढरट दिसते. ही काळी पडली होती. मुद्दाम काळं फासलं असेल? त्यांनी नखाने उकरून पाहिलं. रंग नव्हता, वर्षानुवर्षांचा मळ होता.

मग त्यांनी डावीकडची अगदी पहिली वाजवायची पट्टी उचलून बाहेर काढली. कारागीर कधीकधी तिच्या कडेला तारीख टाकतात. पेन्सिलीने केलेली पुसट सही होती, खाली साल: १८९७.

"म्हणजे बाबांनीच आईला फसवलं?" थोरलीचा आवाज चिरकला.

"त्यांना काही बोलू नकोस." खिडकीजवळच्या खुर्चीतून आई म्हणाली. "दुकानदाराने पॉलिश मारून नवा म्हणून त्यांच्या गळ्यात मारला. सूर लावणाऱ्याने नंबर बघून मला हळूच सांगितलं. हे तर येणाऱ्याजाणाऱ्याला झाकण उघडून नंबर दाखवायचे, कारखान्यातून थेट आलाय म्हणून. एखादा जाणता तोंडावर हसला असता तर? एक दिवस ते कामावर गेल्यावर मी कानस घेतली."

"त्यांना कळलं नाही?"

"विचारलं ना. मी म्हटलं, नंबर होता कुठे? आठ दिवस माझ्याकडे चोराकडे बघावं तसे बघत होते. तरी मी बधले नाही."

थोरली भावाकडे न बघताच पुटपुटली, "चुकलं माझं."

"जरा मोठ्याने."

"ऐकू आलंय तुला."

बाईंनी पट्टी जागेवर बसवली. "पाटीवर कोणतं साल घालायचं?"

"खरं तेच," आई म्हणाली. "आता ते कुठे वाचायला येणार आहेत."

थोरलीने कागदावर साल लिहिलं. भावाने तो कागद तिच्या हातातून घेतला आणि आकडे दोनदा तपासले.