पाण्याआधीचा सांगावा

आकाराम कांबळे आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही जेवता जेवता. पण खोट्याला पाय नसतात म्हणणाऱ्यांनी हे खोटं बघितलेलं नाही. ते त्रेपन्न वर्षं चालत राहिलं आणि शेवटी डिसेंबरातल्या एका सकाळी मुरगुडात त्यांच्याच घरी चहाच्या वेळेला येऊन पोचलं.

मुलगा प्रसेनजीत पेपर वाचत होता. मास्तर असल्यामुळे त्याला मोठ्यानं वाचायची खोड. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका वाडीनं जवानांचं स्मारक बांधलं होतं. एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झालेल्या कृष्णात चौगलेंचं नाव त्यावर कोरायचं होतं, आणि त्यांची बायकोच आडवी आली होती. शालन चौगले, वय बहात्तर. गवंड्याच्या हातातली छिन्नी हिसकावून ती म्हणाली होती, "माझा मालक मेलेला न्हाय. त्यांच्या पलटणीतला माणूस माझ्या घरात पोटभर जेवून सांगून गेलाय, येतोय म्हणून."

"आबा, हा कृष्णात म्हंजे तुमचा दोस्तच न्हवं?" प्रसेनजीत म्हणाला. "आन असला वाईट माणूस कोण म्हणायचा? जेवला ते जेवला, वर थाप मारून गेला."

सत्याहत्तर वर्षांच्या आकारामांनी कप खाली ठेवला. 

"मीच की रं त्यो," ते म्हणाले. "कृष्णात माझ्या मांडीवर मेला."

मग त्या माणसानं पोराला सगळं सांगितलं, जे बायकोलाही मरेपर्यंत सांगितलं नव्हतं. दोघे एकाच तुकडीत ड्रायव्हर. दारूगोळ्याचे ट्रक चालवायचे. जम्मूकडच्या सीमेवर नदीच्या पलीकडं बॉम्ब पडायला लागले तेव्हा गाड्या तिथंच सोडून माघारी फिरायचा हुकूम आला. कृष्णातच्या पोटात छर्रा घुसला होता. आकारामांनी त्याला ओढत पाण्याच्या काठापर्यंत आणला, तिथं तो गेला. वाळू उकरून हातांनीच त्याला झाकला आणि नदी ओलांडताना आकारामांच्या खांद्यात गोळी बसली. इस्पितळात शुद्धीवर आले तोवर यादीत कृष्णातच्या नावापुढं 'बेपत्ता' पडलं होतं. साहेबानं विचारलं. आकाराम म्हणाले, आधी त्याच्या घरी सांगतो, मग कागदावर देतो. दोस्ताच्या बायकोला ही गोष्ट कागदानं कळू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

मन चांगलं होतं हो. पण त्या मनात आणखी एक माणूस बसला होता, तो म्हणजे आकारामांचा बाप, पिराजी.

पिराजीकडं गावकीचं काम होतं. गावात कुणी मेलं की पै-पावण्यांना सांगावा न्यायचा. ऊन असो, पाऊस असो, निघायचं. दारात पोचलं की कुंपणाबाहेर उभं राहून ओरडायचं. सांगावा आणणाऱ्यानं त्या घरचं पाणी प्यायचं नाही, आणि पिराजीला तसंही कुणी दिलं नसतं. एकदा तो दोन दिवस चालत मलकापुराकडं गेला. सांगावा दिल्यावर घरात आकांत झाला, आणि पिराजी म्हशीच्या डोणीत तोंड घालून पाणी प्याला. छप्पन साली बाबासाहेबांच्या मागोमाग गावोगाव दीक्षा झाली तेव्हा आकाराम आठ वर्षांचा होता. घरी आल्यावर बापानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून वदवून घेतलं, "आजपास्नं कुणाच्या दारात मेल्याचा सांगावा न्यायचा न्हाय. तू न्हाय, तुझं पोरबी न्हाय."

आणि बहात्तरच्या उन्हाळ्यात तोच पोरगा मेल्याचा सांगावा घेऊन चौगल्यांच्या दारात उभा राहिला. अंगात वर्दी होती, खांद्याला पट्टी होती. कुंपणाबाहेरूनच सांगायचं असं ठरवून आला होता. पण एकोणीस वर्षांची शालन तांब्या घेऊन धावतच बाहेर आली. "भावजी, भाईर का हुबं? ह्यांनी पत्रातनं तुमचं लई लिवलंय. आत या की."

तोवरच्या उभ्या जन्मात आकारामला चौगल्या-पाटलांच्या घरात कुणी आत बोलावलं नव्हतं. इथं सासऱ्यानं हाताला धरून नेलं, कोंबडी कापली, सासूनं घरातलंच ताट मांडलं. घशातला शब्द पाण्याच्या घोटाबरोबर खाली गेला. आता सांगायचं म्हणजे भरल्या ताटावरून उठून पुन्हा कुंपणाबाहेर जायचं होतं, बापाच्या जागेवर. तेवढ्यात दाराआडून शालननं विचारलं, "भावजी, हे कवा येनार?"

"येतोय की वैनी," तोंडातला घास न गिळताच तो म्हणाला. "कैद्यांच्यात असंल."

त्यात तिच्याबद्दलची दया किती होती आणि स्वतःला मिळालेल्या ताटाचा लोभ किती, हे त्यांना पुढं कधीच सांगता आलं नाही. कैदी सुटून आले, त्यात कृष्णात नव्हता. सरकारनं मृत धरल्याचा कागद धाडला, शालननं तो परत पाठवला. साहेबाला कबूल केलेला कागद आकारामांनी कधी दिला नाही, आणि ते पुन्हा त्या वाडीकडं फिरकलेही नाहीत.

"मी येतो संगट, गाडी काढतो," प्रसेनजीत म्हणाला.

"तू नको. तुझ्या आज्ज्याला शबूद दिलाय, तुझं पाय त्या दारात लागू देणार न्हाय."

एसटी बदलून ते वाडीच्या फाट्यावर उतरले तेव्हा दुपार टळली होती. ऊसतोड चालू असल्यामुळं रस्त्यावर पाला पडला होता. जुन्या कौलारू घराच्या जागी आता स्लॅब होता, म्हशींना पत्र्याचं शेड होतं. शालन अंगणात शेंगा फोडत बसली होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. शेडमधून तिचा पुतण्या बाळासो धार काढायची बादली घेऊन बाहेर येत होता.

आकाराम कुंपणाबाहेर थांबले.

"कोण पावणं?"

"वैनी, मी आकाराम. मुरगूडचा."

शालनच्या मांडीवरच्या शेंगा सांडल्या. गुडघे धरायलाही न थांबता ती उठली. "भावजी! आलासा व्हय?" आणि मग तिनं त्यांच्या खांद्यावरून मागं रस्त्याकडं बघितलं. "हे कुठं मागं ऱ्हायल्यात?"

आकारामांना वाटलं, त्या नदीत आपल्याला आणखी एक गोळी का लागली नाही.

"बाळासो, खुर्ची आण. आत या भावजी." ती आत जाऊन तांब्या घेऊन आली. "आदी पाणी घ्या."

"पाणी नको, वैनी."

"उनातनं आलासा. घ्या की."

"नको."

"घोटभर तरी."

"मला ह्या दारातलं पाणी चालत न्हाय आज."

जुन्या पिढीची बाई. कुंपणाबाहेर उभा राहणारा आणि पाणी नाकारणारा पाहुणा कशाला आलेला असतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती तांब्या धरून तशीच उभी राहिली. बांगड्या तेवढ्या तांब्याच्या काठावर वाजत होत्या.

"बोला," ती म्हणाली.

त्यांनी सांगितलं. ट्रक, नदी, वाळू. बापाचं वचन सांगितलं, कोंबडीचं जेवण सांगितलं. काही लपवलं नाही. बाळासोच्या हातातली बादली कलंडली, त्याला पत्ता नाही.

"म्हंजे मी तुमाला घरात घेतलं, ताट वाढलं, म्हणून तुमी सांगितलं न्हाय?" शालन हळू बोलत होती. "दारात हुबं ठेवलं असतं तर सांगितलं असतंसा?"

शालननं तांब्या दुसऱ्या हातात घेतला.

"एकोणीस वर्सांचं वय हुतं माझं, भावजी. माझा बा दोनदा न्यायला आलता. दुसऱ्यांदा पाट लावून देतो म्हणाला, जागा बी बघून ठेवलती. मी त्याला म्हणलं, माणूस जेवून सांगून गेलाय. तिसऱ्यांदा त्यो आलाच न्हाय. औंदा मे महिन्यात टीव्हीवर लढाई लागली तवाबी मी ह्या बाळासोला म्हणलं, बघ रं, आता कैदी सोडतील." तिचा आवाज चढला. "सगळी मला येडी म्हणत्यात. मी येडी न्हवतो! मी तुमच्यावर इस्वास ठेवला!"

"मारा मला वैनी. पायातलं काढून मारा."

"मारून काय माझं वय परत येतंय?"

शेडमधली म्हैस हंबरली. कुणीच तिकडं गेलं नाही. शालननं विचारलं, "पाणी मागितलं का त्यांनी?"

"मागितलं. पोटात लागलेल्याला पाणी द्यायचं नसतंय, ते त्यालाबी ठावं हुतं. पर लई मागत हुता. दिलं मी."

"कशातनं?"

"कशातनं म्हंजे... वंजळीतनं. दुसरं काय हुतं?"

"प्याले?"

"प्याला. ग्वाड हाय म्हणला. मग गेला."

शालन कुंपणाचं फाटक उघडून बाहेर आली. त्रेपन्न वर्षांपूर्वी तिनं त्यांना ओढून आत नेलं होतं, आज तीच बाहेर येऊन समोर उभी राहिली. "धरा हात," ती म्हणाली.

आकारामांनी दोन्ही हात जोडून ओंजळ केली. शालननं वरून तांब्या तिरपा केला, ओंजळ भरली. बघणाऱ्याला वाटलं असतं, जुन्या चालीनं महाराला वरून पाणी वाढतायत. पण तांब्या खाली ठेवून ती वाकली, आणि त्या ओंजळीला तोंड लावून पाणी प्याली. एकेक घोट. पाणी संपलं तरी तिनं कपाळ त्या ओल्या हातांवरून उचललं नाही, आणि आकारामांच्या बोटांना तिचं कुंकू लागलं.

"बाळासो," ती तशीच वाकून म्हणाली, "गवंड्याला छिन्नी दिऊन ये जा."

मग ती सरळ झाली. "तुमी जावा आता, भावजी. माझ्या रडण्यात तुमी नको."

ते निघाले. सांगावा दिल्यावर मागं बघायचं नसतं, असं बाप सांगायचा. फाट्याजवळ पोचेपर्यंत काहीच ऐकू आलं नाही. मग एकाएकी तो आवाज उसावरून आला, बहात्तरच्या उन्हाळ्यातच यायला हवा होता तो. शालन नवऱ्याला हाका मारत होती. जन्मभर तिनं 'हे' आणि 'ते' म्हटलं होतं. आता ती पहिल्यांदाच त्याचं नाव घेत होती.