मागचं डावं दार

माझी मुलगी सोफ्यावर आडवी पडून गाडी निवडते आहे. अंगठा सरकवला की एक गाडी जाते, दुसरी येते. विम्याचा हप्तासुद्धा तिथेच, गाडीच्या फोटोखाली. तिने स्वतःचं वय टाकलं, तसा तो आकडा टुणकन वर उडाला आणि ती किंचाळली, "आई, हा काय अन्याय आहे! मी अजून कुणाला धडकलेसुद्धा नाही!"

"म्हणूनच," मी म्हटलं. "अजून धडकायची बाकी आहेस ना!"

हे उत्तर माझं नाही, मामाचं आहे. मी तिच्याएवढी असताना, माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी, मामाने ते मला ऐकवलं होतं आणि मी संतापले होते.

मामा म्हणजे आईचा चुलतभाऊ. विम्याचा एजंट आणि आमच्या सगळ्या नात्यागोत्याचं चालतंबोलतं वर्तमानपत्र. भिंतींना कान असतात म्हणतात. मामाला भिंतीचीही गरज नव्हती. दुपारी त्याच्यासमोर कुणी शिंकलं, तर संध्याकाळपर्यंत चार घरांतून काढ्याची चौकशी यायची. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या पोटात काही म्हणजे काही राहायचं नाही.

आणि माझे बाबा म्हणजे ड्रायव्हर. एका कंपनीच्या मोठ्या साहेबांची गाडी त्यांनी आयुष्यभर चालवली. पांढरा शर्ट, बाह्या कोपराच्या वर कधी नाहीत. गाडी थांबली की उतरायचं, मागून वळसा घालायचा, मागचं डावं दार उघडायचं आणि मुठीवर एक हात ठेवून उभं राहायचं. मी शाळेतून येताना त्यांना असं उभं पाहिलं की मला फार राग यायचा. साहेबांना काय हात नव्हते? एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. बाबा हसले. "अगं, साहेब माझ्या गाडीत झोपतात," ते म्हणाले. "बसल्या बसल्या झोपतात. माणूस कुणाच्याही गाडीत झोपत नाही. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही."

ते स्वतः मात्र कुणाच्याही गाडीत झोपायचे नाहीत. बसने कुठे निघालो तर आई आणि मी माना टाकून गाढ, आणि हे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ताठ, डोळ्यांत तेल घालून रस्ता बघत. वळण आलं की यांचा उजवा पाय फळीवर दाबला जायचा. जणू ब्रेक यांच्याच पायाखाली होता.

मग त्यांना चक्कर यायला लागली. एकदा बाजारात, एकदा जिन्यात. डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, आता स्टेअरिंगला हात लावायचा नाही. बाबांनी नोकरी सोडली. बाहेर सगळ्यांना सांगितलं, "पुरे झालं, कंटाळा आला." खरं कारण घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं. बाबांनी आम्हाला शपथबिपथ घातली नाही. पण ड्रायव्हरला गाडी चालवता येत नाही, ही गोष्ट चारचौघांत निघाली असती तर ते खचले असते, हे आम्हा दोघींना कळत होतं. आई आणि मी त्याबद्दल ब्रसुद्धा काढत नव्हतो.

त्याच सुमाराला मला नोकरी लागली. पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करवून घ्यायचे. घरं शहरभर विखुरलेली, म्हणून गाडी हवीच. मी आणि बाबा जुन्या गाड्यांच्या यार्डांत फिरायला लागलो, आणि पुष्कळ दिवसांनी मी बाबांना जोरात चालताना पाहिलं.

गाडी निवडायची त्यांची एक पद्धत होती. विक्रेता रंग दाखवायचा, सीटची कव्हरं दाखवायचा. बाबा वाकून पेडलचं रबर बघायचे. "मीटर मागे फिरवता येतं," ते मला हळूच सांगायचे, "झिजलेलं रबर काय फिरवणार!" मग ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, दार लावायचे, डोळे मिटून इंजिन ऐकायचे. आरसे, वायपर, हँडब्रेक, सगळं. त्यांच्या तपासणीला विक्रेते वैतागायचे.

मला एक गाडी आवडली. गडद निळी, बुटकी, दोन दारांची. चालू केली की पोटातून गुरगुरायची. बाबांना आवडली शेजारची, बिस्किटाच्या रंगाची. चार दारं, चौकोनी, टपावर किंचित पोचा. तिच्याकडे बघून डब्याची आठवण व्हायची.

"ही डबी?" मी म्हटलं. "पेशंट हसतील मला!"

"हसल्याने पेशंटला बरंच वाटेल," बाबा म्हणाले.

घरी येऊन आमचं वाजलं. राग माझ्या नाकावरच असतो आणि तो हातातून बाहेर पडतो. चिडले की मी वस्तू आपटते. आमच्या घरी माझा राग भांड्यांवरून मोजायचे. त्या संध्याकाळी तर पातेल्याचं झाकण घरंगळत दारापर्यंत गेलं. शेवटी बाबांनी हात टेकले. "तुझी गाडी, तुझी हौस. घे निळी."

रविवारी मामा आला. चहा घेता घेता त्याने निळ्या गाडीचा हप्ता काढला आणि कागद माझ्याकडे फिरवला. मी आ वासून बघतच राहिले. वर्षभराचा पगार त्या निळ्या गुरगुरीच्या घशात गेला असता. "मी कुणाला धडकले नाही अजून," मी म्हटलं, आणि मामाने ते उत्तर दिलं. अजून धडकायची बाकी आहेस ना!

मग तो पुढे सरकला. "अगं, पण घरात एवढा मोठा हुकमाचा एक्का असताना तू रडतेस कशाला? भाऊजींना मुख्य चालक दाखवू. तुझं नाव खाली, अधूनमधून चालवणारी म्हणून. एवढ्या वर्षांत भाऊजींचा एक अपघात नाही! हप्ता निम्म्याच्या खाली येतो की नाही बघ. सगळेच करतात असं."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. "मुख्य चालक," ते स्वतःशीच म्हणाले. खुर्चीत सरळ बसले. शर्टाची बाही उगाच खाली ओढली. नोकरी सोडल्यापासून त्यांना ड्रायव्हर म्हणून कुणी विचारलंच नव्हतं.

"किती वर्षं चालवताय, भाऊजी?"

"मिसरूड फुटलं तेव्हापासून."

"कधी ठोकाठोकी?"

"ओरखडासुद्धा नाही, मेव्हणे."

मामा खूश होऊन लिहीत होता. मलाही निळी गाडी दारात उभी दिसायला लागली होती. "आता तब्येतीचं एक. डॉक्टरांनी कधी गाडी चालवायला मनाई केली आहे का? नसणारच, पण विचारावं लागतं आम्हाला."

आई किटलीच्या झाकणाकडे बघत राहिली. बाबांनी बाही पुन्हा खाली ओढली. ते 'कंटाळा आला' सोडलं तर आयुष्यात खोटं न बोललेला माणूस. खरं सांगावं तर जेवायच्या वेळेपर्यंत ते साऱ्या गोतावळ्यात पोचणार. खोटं सांगावं तर ज्या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, त्या स्वच्छ नावाखाली ते खोटं बसणार. मामाचं पेन थांबलं. त्याने मान वर केली. बाबांच्या कपाळावर घाम आला होता.

मी हातातला कप बशीत ठेवला.

"मामा, ते राहू दे. माझ्या गाडीवर मला दुसऱ्या कुणाचं नाव नको."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी मी घेतेय, मीच चालवणार. लोकांनी विचारलं की सांगू काय, गाडी वडिलांची आहे? निळी नको मग. ती बिस्किटाची घेते. माझ्या एकटीच्या नावावर कितीला पडते ते बघ."

मामाने बाबांकडे मान वळवली. "बघा भाऊजी! पंख फुटले की पोरं अशी बोलतात!" आणि त्याने बाबांच्या नावावर काट मारली. डबीचं इंजिन छोटं, किंमत कमी; हप्ता जड होता, पण झेपण्यासारखा होता.

संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यात बातमी पोचली, की पहिला पगार हातात पडायच्या आत हिला शिंगं फुटली, बापाचं नावसुद्धा नको झालंय हिला. पुढे कित्येक महिने आत्या, काक्या मला येता-जाता टोमणे मारायच्या. मी मूग गिळून ऐकायचे. माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल, याची कल्पना आईलाच होती. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून निळ्या गाडीसाठी रडलेही.

 बाबा जेवताना एवढंच म्हणाले, "त्या बिस्किटवालीचं इंजिन चांगलं आहे." मला वाटलं, दुखावले. वाटलं, त्यांनाही माझं बोलणं खरंच वाटलं असणार. तो सल घेऊन मी गाडी घरी आणली.

बाबांनी फडकं घेऊन ती पुसली. टप, काचा, चाकांच्या वाट्या. मग मागची सीट झटकायला आत शिरले आणि दार लागलं. जरा वेळाने काचेवर टकटक ऐकू आली. बघते तर बाबा आत मूठ खालीवर करतायत आणि दार उघडत नाही. मी बाहेरून उघडलं तेव्हा सहज उघडलं. आतून मात्र हललंच नाही. मागचं डावं दार.

"एवढी तपासणी केलीत," मी हसत सुटले, "आणि हे नाही पाहिलंत?"

बाबा ओशाळून दाराकडे बघत होते. "हे दार आतून उघडायचं माझ्या डोक्यातच कधी आलं नाही, बाळ," ते म्हणाले. "मी आपला कायम बाहेर."

माझं हसू तिथेच थांबलं.

"चला, एक चक्कर मारू," आई पर्स घेऊन आली आणि पुढे जाऊन बसली. मी म्हटलं, "आई, बाबांना बसू दे ना पुढे."

"नको," बाबा म्हणाले. "पुढे बसलो तर पाय ब्रेक शोधत राहील. मी मागेच बसतो." मी त्यांच्यासाठी ते दार उघडलं. एक पाय आत टाकून ते थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी मामासमोर बरीच चिडलीस."

"हो, मग? चिडलेच होते."

"कप मात्र हळूच ठेवलास," असं म्हणून ते आत बसले.

 मी दार लावलं, वळसा घालून पुढे आले, आणि गाडी चालू करायला मला दोनदा किल्ली फिरवावी लागली.

सुरुवातीला आरशात बघितलं की बाबा ताठ बसलेले दिसायचे. "डावीकडे सायकल आहे." "दिसली, बाबा." "पुढचा वळणार आहे." "त्याने दाखवलंय, बाबा." प्रत्येक सिग्नलला मागे त्यांचा पाय फळीवर दाबल्याचं मला जाणवायचं. नदीवरचा पूल गेला, रस्ता सरळ झाला. सूचना विरळ झाल्या, मग थांबल्या. मला वाटलं, रागावले. तेवढ्यात आईने माझ्या मांडीवर हात ठेवला.

"अगं, हळू," ती कुजबुजली. "झोपलेत."

मी आरशात पाहिलं. डोकं काचेला टेकलेलं, तोंड जरासं उघडं, हात मांडीवर सैल. आई त्यांच्याबरोबर सगळा संसार करून बसली होती, पण त्यांना चालत्या गाडीत झोपलेलं तिनेही कधी पाहिलं नव्हतं. ती पदराने डोळे पुसत होती आणि एकीकडे मला खुणेने सांगत होती, पुढे खड्डा आहे, सांभाळ.

घराचं वळण आलं. मी वळलेच नाही. पुन्हा एकदा पुलापर्यंत जाऊन आले, मग आणखी एकदा. शेवटी पेट्रोलचा काटा खाली यायला लागला तेव्हा दारासमोर गाडी थांबवली. इंजिन इतकं अलगद बंद केलं, की साहेबांनीही शाबासकी दिली असती. मी उतरले, मागून वळसा घातला, डाव्या दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि दार न उघडता तशीच उभी राहिले. शेजारची बाई गॅलरीतून विचारत होती, काय झालं गं, कुणाची वाट बघतेस? मी तिला बोटाने गप्प राहायची खूण केली.

पुष्कळ वेळाने बाबा जागे झाले. बाहेर मी दिसले. त्यांनी आतल्या मुठीला हातसुद्धा लावला नाही. केस नीट केले, शर्टाची बाही ओढली आणि मी दार उघडायची वाट बघत बसले. मी उघडलं. ते सावकाश उतरले, अगदी साहेबांसारखे.

"ब्रेक जरा उशिरा दाबतेस," ते म्हणाले आणि घरात गेले.

ती डबी मी बरीच वर्षं चालवली. पुढे सीट बदलल्या, टपाचा पोचा काढला, एकदा इंजिनही उघडलं. पण बाबा होते तोवर ते मागचं डावं दार मी दुरुस्त करून घेतलं नाही.