डाव्या पायाचा ब्रेक

गोंदियाजवळच्या मुर्री गावात खुशाल मेश्रामांच्या घरात दोन गोष्टींना सहसा कोणी हात लावत नसे. एक बाबासाहेबांचा फोटो, तो पुसायचा मान बायकोचा, कुसुमबाईंचा. दुसरी त्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवलेली बुलेटची चावी, ती फक्त खुशालची.

खुशाल पंचायत समितीत बाबू. नव्याण्णव साली त्याने जबलपूरच्या एका निवृत्त सुभेदाराकडून ही जुनी गाडी आणली आणि त्या दिवसापासून हा माणूस कामातून गेला. सलग सुट्ट्या दिसल्या की मागच्या सीटवर वळकटी बांधायची आणि निघायचं. सांची झालं, पचमढी झालं, अमरकंटक झालं, एकदा तर स्वारी थेट बोधगयेला जाऊन आली. परत आला की आधी गाडी धुवायची, मग स्वतः. कुसुमबाई शेजारणींना सांगत, "सवत परवडली असती बाई, तिले दोन गोष्टी सुनावता तरी आल्या असत्या."

त्या जुन्या बुलेटची एक तऱ्हा होती. आजच्या गाड्यांचा गिअर डाव्या पायाशी असतो आणि ब्रेक उजव्या. हिचं सगळं उलटं. गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. खुशालच्या पायांच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की यात कोणाला काही सांगण्यासारखं आहे हेच तो विसरून गेला होता.

मुलगा अतुल दहावीला असताना एकदा म्हणाला, "बाबा, मले शिकवा ना बुलेट."

"कायले? सायकल आहे ना तुयाजवळ," खुशाल म्हणाला. "हे गाडी माया हाताशिवाय चालत नाही."

आणि वर हसला. ते हसणं पुढे त्याला फार महाग पडलं.

अतुल मोटारसायकल शिकला, पण मित्राच्या, रत्नपालच्या नव्या गाडीवर. बापाकडे त्याने पुन्हा विषय काढला नाही. दोन हजार आठ साली धाकट्या बहिणीचा, स्नेहलचा बारावीचा पेपर होता आणि नेमके त्या दिवशी गोंदियात ऑटो बंद. खुशाल ऑफिसच्या जीपने देवरीकडे गेलेला. पोरगी रडकुंडीला आली. शेवटी कुसुमबाईंनीच फोटोखालची चावी काढून अतुलच्या हातात दिली. "जा, पोचव तिले. हळू जाजो."

जाताना तो जपून गेला. स्नेहलला सेंटरवर सोडलं. परत येताना मुर्रीच्या वळणावर समोर धानाच्या पोत्यांची ट्रॉली आडवी आली आणि अतुलने उजवा पाय दाणकन दाबला. तिथे ब्रेक नव्हताच. गिअर पडला आणि गाडी थांबायची सोडून तशीच ट्रॉलीवर गेली.

खुशालला निरोप मिळाला तो 'तुमची बुलेट ठोकली' असा. तो पोचला तेव्हा गाडी रस्त्यात आडवी पडलेली, पुढचं चाक वाकडं झालेलं. अतुलला लोकांनी कडुलिंबाखाली निजवलं होतं, पायावर कोणाचा तरी गमछा टाकला होता. खुशालने त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "गाडीले किती लागलं?"

अतुल म्हणाला, "जास्त नाही बाबा. चाक बदललं का होते चांगली."

मग कोणीतरी गमछा बाजूला केला. डाव्या पायाचा घोटा चेचला होता.

नागपूरला ऑपरेशन झालं. पाय वाचला, घोटा मात्र कायमचा ताठ राहिला. खुशालने दवाखान्यात रात्रंदिवस काढले, पोराचं सगळं केलं. पण ते वाक्य काही मागे घेता येईना. चारदा ओठांवर आलं, 'बाबू, मी तसं नव्हतो म्हणत.' पण तो तसंच म्हणाला होता, आणि झाडाखालच्या दहा लोकांनी ते ऐकलं होतं. गाडी दुरुस्त झाली. त्यानंतर तो तिच्यावर जवळच्या चोरखमाऱ्याच्या तलावापलीकडे कधी गेला नाही. तलावाच्या पाळीवर गाडी लावायची, बसायचं आणि परत यायचं. मन लागत नसे.

अतुलला नागपुरात नोकरी लागली. तो स्कूटीवर फिरे, तिला पायाचं काही काम नसतं. दोन हजार पंधराच्या बुद्धजयंतीला तो घरी आला. वंदना झाली, खीर झाली. मग खुशालने खिळ्यावरची चावी काढली आणि पोराच्या तळहातावर ठेवली.

"घे. आज तू चालव. चोरखमाऱ्याले जाऊ. मी मागं बसतो, सांगतो तुले सगळं."

अतुल चावी घेऊन उठला. अंगणात गेला, गाडीवर बसला. डावा पाय ब्रेकवर ठेवून दाबून पाहिला. पुन्हा दाबला. पाय गुडघ्यापासून हलत होता, घोटा हलत नव्हता.

"नाही दबून राहिला, बाबा," तो म्हणाला. "याले घोटा वाकाव लागते."

आवाजात राग नव्हता. असता तर खुशालला सोपं गेलं असतं.

"बरं, राहू दे," तो म्हणाला. अतुल उतरून ओसरीकडे वळला आणि खुशाल गाडी मोठ्या स्टँडवर घ्यायला लागला. जन्मभर एका हिसक्यात होणारं ते काम. पण ध्यान ठिकाणावर नव्हतं आणि वयही झालं होतं. चप्पल सरकली. गाडी पलीकडे कलंडली आणि त्यालाही घेऊन पडली. हेडलाइटची काच फुटली, टाकीला पोचा आला.

अतुल लंगडत धावत आला. त्याने गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. ताठ पाय बाजूला पसरून तो तिथेच मातीत बसला आणि बापाचं खरचटलेलं कोपर दोन्ही हातांत धरलं.

"बाबा, तुमाले कोठी लागलं?"

खुशालने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. सात वर्षांपूर्वी कडुलिंबाखाली आपण हेच विचारायला हवं होतं, एवढंच विचारायला हवं होतं, असं त्याला वाटलं आणि त्याला रडू फुटलं. अतुलला वाटलं, हाडच मोडलं. तो आईला हाका मारायला लागला.

टाकीतून पेट्रोल गळत होतं. गाडी उभी करायला दोघांपैकी कोणी उठलं नाही.