लाइनचा खांब

"मी काय तुझी वैरीण आहे का?" सुपरवायझर म्हणाली आणि हातातला नावांचा कागद तिने टेबलावर पालथा ठेवला.

"नाहीस, म्हणून तर तोंडावर विचारतेय. माझं नाव का नाही दिलंस?"

"अगं, तू गेलीस तर वाइंडिंगची लाइन कोण ओढणार? मी?"

खांबाने पालथ्या कागदाकडे पाहिलं. खांब हे तिचं टोपणनाव. पाण्याच्या पंपांच्या मोटारी बनवणाऱ्या त्या कारखान्यात वाइंडिंगच्या लाइनवर सगळ्या बायकाच होत्या. मशीनवर गुंडाळून आलेली तांब्याच्या तारेची वेटोळी मोटारीच्या लोखंडी कड्यातल्या खाचांमध्ये बसवायची, दोऱ्याने आवळून बांधायची आणि वार्निशला पाठवायची, हे त्यांचं काम. तारेवरच्या लेपाला बारीकसा ओरखडा गेला तरी मोटार जळते. कुणाचं वेटोळं बसेना, कुणाला गाठ जमेना, की हाक जायची हिला. ही आपलं काम ठेवून उठायची, अडलेलं सोडवायची आणि परत येऊन बसायची. "ही म्हणजे आपल्या लाइनचा खांब आहे हो," असं खुद्द सुपरवायझरच एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती. नाव पडलं ते पडलंच. कौतुकाचं नाव, त्याची तक्रार तरी कुणाकडे करायची?

यंदा कारखान्याने पहिल्यांदाच बायकांना मशीन दुरुस्तीच्या प्रशिक्षणाला पाठवायचं ठरवलं होतं. सहा महिने शिकायचं आणि टेक्निशियन व्हायचं. तोवर टेक्निशियन म्हणजे पुरुषच. तार गुंडाळायचं मशीन बिघडलं की ते पाने-पकडी घेऊन येत आणि बायका हाताची घडी घालून बाजूला उभ्या राहत. खांबाला ते उभं राहणं कधी सोसलं नाही. मशीनच्या पोटात काय चालतं ते तिला बघायचं होतं, आणि ते पोट स्वतःच्या हाताने उघडायचं होतं. पण चाळिशीच्या आतल्या बायकाच घेणार होते आणि पुढच्या तुकडीपर्यंत तिची चाळिशी उलटणार होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. आणि गाडं अडलं होतं सुपरवायझरच्या सहीपाशी.

सुपरवायझर आणि ती एकाच दिवशी कामाला लागलेल्या, एका डब्यात जेवलेल्या. सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा दोघींची नावं होती. साहेब म्हणाले, हिला टेबलावरून उठवून चालायचं नाही, तिला उठवा. म्हणजे जिचा हात जरा कच्चा होता ती वर गेली. खांबाने तेव्हा मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर खांबाच्या हाताखाली शिकलेल्या दोघी तपासणीला गेल्या, एक स्टोअरला गेली. महिलांना पुढे आणल्याबद्दल फलकावर सुपरवायझरचा फोटो लागला. फोटो चांगला आला होता.

"रिजेक्ट वाढले की बोलणी मी खाते, तू नाही," सुपरवायझर म्हणाली. "पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळी मी वयात बसत नाही."

"नियम काय गं, बदलतात."

"माझ्यासाठी बदलणारेत?"

सुपरवायझरने खिडकीकडे पाहिलं. "नावं द्यायला अजून अवकाश आहे. बघते."

'बघते' म्हणजे 'नाही', हे कळायला काही कॉलेजात जावं लागत नाही. खांबाचं डोकं सणकलं. दुसऱ्या दिवसापासून तिने मान वर केली नाही. आपण भलं, आपलं टेबल भलं. हाक आली की म्हणायची, "मला माझं आहे." शेजारणींना आधी गंमत वाटली, मग धास्ती. आठवडा सरायच्या आत नापास मोटारींचा कोपऱ्यात ढीग लागला. साहेब खाली उतरले आणि सगळ्यांदेखत सुपरवायझरला नाही नाही ते बोलले. ती खाली मान घालून ऐकत होती. हे बघून आपल्याला बरं वाटेल असं खांबाला वाटलं होतं, तेवढं काही वाटलं नाही.

साहेब गेल्यावर सुपरवायझर तिच्या टेबलाशी आली. डोळे लाल झाले होते.

"बघितलंस? आठवडाभर नुसती रुसलीस तर ही गत. सहा महिने नसलीस तर काय होईल? आता तर देव आला सांगायला तरी मी तुला सोडत नाही."

खांबाचा नवरा किल्ल्या बनवायचा. रस्त्याच्या कडेला त्याची टपरी होती, एका माणसाला बसता येईल एवढी. संध्याकाळी तिने त्याला सगळं सांगितलं.

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास," तो म्हणाला.

"मग काय तिच्या पाया पडू?"

"मला सुट्टी का मिळत नाही, माहितीये?"

"घरी करमत नाही म्हणून."

"ते आहेच. पण टपरीत दुसरं कोणी नाही. मी गेलो की टपरी बंद. तू तिथे टपरी करून ठेवलीयेस."

नवरा सहसा शहाणपणाचं बोलत नसे, त्यामुळे ते पचायला तिला रात्र गेली.

लाइनवर एक नवी बाई आली होती. तिला सगळ्या 'चौकशी' म्हणत, कारण सांगितलेलं काम करण्याआधी ते का करायचं हे तिला हवं असे. एवढ्यापायी दोन टेबलांवरून तिची उचलबांगडी झाली होती. खांबाने तिला आपल्या शेजारी मागून घेतलं. रुसवा गेला असं वाटून सुपरवायझर खूश झाली.

"तार अशी धर. जास्त ओढलीस की बोटाला गरम लागते. तिथे थांबायचं."

"गरम का लागते?"

"लागते. का ते मला काय माहीत."

"मग थांबायचं कधी ते मला कसं कळणार? माझं बोट तुमचं थोडंच आहे?"

खांब चिडली. मग स्वतःच्या बोटांकडे बघत बसली. आजवर तिने कितीजणींना शिकवलं होतं, पण कामापुरतं. अडलं की मला हाक मार, एवढं मात्र प्रत्येकीला नीट शिकवलं होतं. त्या हाका आपल्याला आवडत होत्या, हे तिला आता कळलं आणि कळून काही आनंद झाला नाही.

तिने पुन्हा तार ओढली, हळू, आणि बोट काय करतंय ते बघितलं. तार खाचेच्या कडेला घासायला लागते तेव्हा ती बोटातही घासते, म्हणून गरम. म्हणजे ओढण्यात दोष नाही, तार तिरकी येतेय, हे मोठ्याने बोलताना तिचं तिलाच नवीन वाटलं. चौकशीने तार सरळ केली आणि वेटोळं खाचेत उतरलं. पुढचे दिवस असेच गेले. अंगठा कुठे टेकवायचा, तार लोखंडाला लागू नये म्हणून खाचेत घालायचा कागद किती दुमडायचा, गाठ कधी सोडून द्यायची. रोज संध्याकाळी खांबाला गळून गेल्यासारखं व्हायचं. विद्या दिल्याने वाढते असं म्हणतात. म्हणणाऱ्याला टेबल सोडायचं नसावं.

आता हाक आली की ती म्हणायची, "हिला विचार." आधी कुणी विचारलं नाही. मग एकीचं फारच अडलं तेव्हा चौकशी उठून गेली, चुकली, परत आली, का चुकलं ते विचारून पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला जमलं.

मग खांबाने चार दिवसांची रजा मागितली.

"कुणाचं काही आहे का?" सुपरवायझरने घाबरून विचारलं.

"कुणाचं काही नाही. झोपायचंय."

तिची रजा इतकी साठली होती की सुपरवायझरला नाही म्हणायला तोंड नव्हतं.

पहिल्या दिवशी कारखान्यातून फोन आला नाही, तेव्हा खांब खूश झाली. दुसऱ्या दिवशीही आला नाही, तेव्हा तिने फोनमध्ये चार्जिंग आहे ना ते बघितलं. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला टपरीवरून फोन करायला लावला. वाजला.

"फोनला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "तुला पाहिजे होतं तेच झालंय."

"मला कळतं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पाचव्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा कोपऱ्यात एकही नापास मोटार नव्हती. खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आतच सुपरवायझरने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"एकदाही अडलं नाही," सुपरवायझर म्हणाली. "तू हे मुद्दाम केलंस."

"हो."

"मला सांगायचंस तरी."

"सांगायला आले होते. तू कागद पालथा घातलास."

सुपरवायझरने तोच कागद पुढे ओढला. मग तिने यादीवर नाव लिहिलं, सही केली आणि पेनचं टोपण लावत म्हणाली, "खरं सांगू? लाइनचं निमित्त होतं. म्हणजे लाइन होतीच. पण मी सुपरवायझर झाल्यापासून इथे माझ्याशी कोणी सरळ बोलत नाही. पुढ्यात गोड, मागे टोमणे. सरळ बोलणारी तू एकटीच होतीस. मला तू जायला नको होतीस."

"हे आधी म्हणाली असतीस तर मी थांबले असते," खांब म्हणाली.

"माहितीये. म्हणूनच बोलले नाही."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आणखी बोललं तर दोघींपैकी कोणीतरी रडेल, असं दिसल्यावर सुपरवायझरने दार उघडलं. प्रशिक्षण सोमवारपासून होतं.

खांब आपल्या टेबलाशी आली. चौकशी तिच्या जागेवर बसली होती, कारण तिथे उजेड चांगला यायचा. पलीकडची म्हणाली, "अगं, तू रजेवर होतीस होय?" तिच्या मनात वाकडं काही नव्हतं, खरंच लक्षात आलं नव्हतं. खांबाला वाईट वाटलं. आनंदही झाला, पण आधी वाईट वाटलं.

चौकशी अर्धवट उठली. "उठू का?"

"कशाला? बस."

चौकशी बसली आणि तिने पुढची तार हातात घेतली. तार सरळ येत होती. खांबाने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. कुठे उभं राहिलं म्हणजे कुणाच्या वाटेत येणार नाही, हे तिला ठरवता येईना. मागून तयार मोटारींची ट्रॉली आली.

"जरा बाजूला," ढकलणारा म्हणाला.

ती बाजूला झाली.