स्मशानात जाणाऱ्या शेळ्या

गंगाबाईच्या शेळ्या काळ्या होत्या. पावसात भिजलेल्या कातळासारख्या, काळ्याभोर. गेल्या वर्षभरात मात्र त्यांचा रंग विटत गेला. आधी पाठीवर तांबूस झाक आली, मग ती पोटाकडे उतरली, आणि आता गोठ्याच्या दारातून माघाचं ऊन अंगावर पडलं की त्या राखेत लोळून आल्यासारख्या दिसत. विहिरीवर बायका म्हणत, कसला तरी रोग असेल. गंगाबाई कळशी उचलून निघे. ती राख कुठली ते आपल्याला ठाऊक आहे, असं तिला वाटत होतं.

खरं म्हणजे शेळ्या तिच्या नव्हत्याच. त्या तिच्या नवऱ्याच्या, रामाच्या. रामा मुंबईची नोकरी सोडून घरी परतला तो दोन पाटी, म्हणजे तरण्या शेळ्या, घेऊनच, आणि पुढची बारा वर्षं त्याने शेळ्यांशिवाय दुसरा विषय म्हणून काढला नाही. वाडीत सगळ्यांकडे गुरं, शेळ्या एवढ्या ह्याच्याच. त्यामुळे लोकांना थट्टेला आयतं कारण मिळालं होतं. गंगाबाई लांज्याला काजूच्या कारखान्यात जाई. सकाळच्या एसटीने गेली की दिवेलागणीला परत. शेळ्या काय खातात, काय पितात, ह्यात तिने कधी नाक खुपसलं नाही आणि रामाने खुपसू दिलंही नसतं.

मग रामाने अंथरूण धरलं. चार महिने ती काजू फोडून काळ्या पडलेल्या हातांनी त्याचं सगळं करत होती, वर गोठाही तिच्याच गळ्यात पडला. रामा आजाराने चिडचिडा झाला होता. अंथरूण झटकायला गेली तर अंगावर येई, "हात लावू नको म्हनून सांगितलं ना." आणि पाठोपाठ विचारी, "शेळ्यांना पानी दाखवलंस?" एका दुपारी तिचा तोल गेला. ती म्हणाली, "जाल तेव्हा ह्यांनापन संगती न्या. मना नको तुमचा हा पसारा."

रामा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. नऊ दिवसांनी, चैत्रात, तो गेला.

त्याच दिवशी त्याचं अंथरूण-पांघरूण रीतीप्रमाणे स्मशानात टाकलं गेलं. तिचा दीर भिकाजी वळकटी खांद्यावर टाकून घेऊन गेला आणि तिथल्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कोपऱ्यात ठेवून आला. मेलेल्या माणसाच्या टाकलेल्या वस्तूला पुन्हा कोणी हात लावत नाही, आणि बायका तर स्मशानाची वाटच धरत नाहीत. तिथे मग कोणी फिरकायचं कारणच उरलं नाही.

कोणी म्हणजे माणसं. महिन्याभरात शेळ्या जायला लागल्या.

कारखान्यातून अजून रजेवर असलेल्या गंगाबाईने ते पहिल्यांदा वरच्या कातळावरून पाहिलं. चरायला सोडलेल्या सगळ्या शेळ्या ओळीने उतार उतरल्या, पऱ्या ओलांडून थेट शेडमध्ये शिरल्या आणि माना खाली घालून उभ्या राहिल्या. हलेनात, ओरडेनात. ती वरून हाका मारत राहिली. एकीनेही वर पाहिलं नाही. तास-दीड तासाने त्या आपणहून बाहेर आल्या आणि जिभा फिरवत घरच्या वाटेला लागल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आषाढात सगळ्यात म्हातारी शेळी जबड्याखाली फुगली आणि शेडच्या दारातच मरून पडली, तेव्हा गंगाबाईला उरलासुरला संशय राहिला नाही. आपण सांगितलं होतं तेच तो करत होता. घेऊन चालला होता.

तिने शेळ्या बांधल्या. त्या दिवसापासून एकही शेळी गोठ्याबाहेर पडली नाही. कारखान्याची नोकरी सोडून ती घरी बसली. शेळ्यांपुढे भाताचा पेंढा टाकी, जमेल तसा फणसाचा पाला आणी आणि दारात विळा आडवा ठेवी. रोज संध्याकाळी गोठ्याच्या उंबऱ्याशी उभी राहून ती नवऱ्याशी बोले. "रागाच्या भरात बोलली मी. एवढं मनावं घेऊ नका." गोठ्यातून शेळ्या भिंत चाटत असल्याचा खरखरीत आवाज येत राही. त्या दावी चावत, तिच्या लुगड्याचा पदर चावत, जमीन उकरून माती खात. दावी सोडवून त्यांना कुठे जायचं आहे हे तिला कळत होतं.

दिवाळीनंतर शेळ्या व्यायला लागल्या. पहिलं करडू जन्मलं ते मागचे पाय ओढतच. पुढचे दोन पाय टेकून उठायचा प्रयत्न करी आणि मागचं अंग कोणी धरून ठेवल्यासारखं खाली बसे. आठवड्यात मेलं. दुसरं तसंच, तिसरं तसंच, चौथं तर दूधसुद्धा प्यालं नाही. कोणी धरून ठेवल्यासारखं, हे वाडीतल्या लोकांनीच बोलून दाखवलं. ते धरणारा हात कोणाचा, हे गंगाबाईला विचारावं लागलं नाही.

मग भिकाजीने भगत गाठला. माघातल्या अमावस्येला स्मशानात खिळा ठोकून रामाला बांधून टाकायचं ठरलं. एकदा बांधला की तो कोणाला बोलावणार नाही. आणि कुठे येणार-जाणारही नाही, असं भगत म्हणाला. ह्या दुसऱ्या वाक्यावर गंगाबाई दोन दिवस जेवली नाही. नवऱ्याला खिळ्याने जखडायचं म्हणजे काय ते तिला कळत होतं. पण गोठ्यात पाचवं करडू पाय ओढत होतं आणि मोरी, रामाची लाडकी शेळी, गोठ्यातल्याच बोकडापासून दोन महिन्यांची गाभण होती. तिने होकार दिला.

अमावस्येच्या आदल्या सकाळी जनावरांची डॉक्टरीण वाडीत आली. आरोही तिचं नाव, मूळची हेदवीची, वय जेमतेम तिशीचं. पीपीआर रोगाची लस टोचायला आली होती. वाडीत शेळ्या एकाच घरी म्हटल्यावर भिकाजीच तिला घेऊन आला. लस टोचून झाली तरी ती निघेना. एका शेळीच्या पाठीवरचे केस बोटांनी विंचरून पाहिले, दुसरीची पापणी उलटून पाहिली, कुरतडलेलं दावं हातात घेतलं आणि करडापाशी उकिडवी बसली.

"मावशी, ह्या भिंती चाटतात का?"

गंगाबाईने भिकाजीकडे पाहिलं. "चाटतात."

"माती खातात? कपडे चावतात? आधी काळ्या होत्या ना ह्या? आणि ह्याआधीची करडंही अशीच झाली?"

एकेक प्रश्नागणिक गंगाबाई मागे सरकत गेली. भगताने सांगितलं होतं तेवढं सगळं ही पोरगी सांगत होती, तेही नारळ न मागता. "बाय, तुला कोनी सांगितलान?" तिने विचारलं.

"शेळ्यांनीच सांगितलं," डॉक्टरीण म्हणाली. "मी रक्त तपासायला पाठवते, पण मला जवळजवळ खात्री आहे. ह्यांच्या अंगात तांबं कमी पडलंय, आणि बाकीचे क्षारही. आपल्या जांभ्या जमिनीत लोखंड रगड, पण एवढ्या पावसात बाकीचा कस धुऊन जातो. शेळी मोकळी असली तर दहा झाडांचा पाला ओरबाडून थोडंफार मिळवते. बांधून पेंढ्यावर ठेवली तर कुठून मिळवणार? रंग जातो, मिळेल ते चाटत सुटते. आणि गाभण असली तर पोटातल्या करडाच्या मणक्यातल्या नसाच नीट तयार होत नाहीत."

गंगाबाईने आषाढात मेलेल्या म्हाताऱ्या शेळीचं विचारलं. जबड्याखाली फुगली होती म्हटल्यावर डॉक्टरीण म्हणाली, ते वेगळं, पावसाळ्यातले जंत. औषध मिळालं असतं तर कदाचित जगली असती.

"आनि हा?" गंगाबाईने करडाकडे बोट दाखवलं.

डॉक्टरणीने करडाचे मागचे पाय दाबून पाहिले. "ह्याचं खोटं नाही सांगत. औषध देऊन बघू, पण ह्याचे पाय येणं कठीण आहे. ह्या गाभण शेळीच्या पोटातलं मात्र वाचेल. आजपासून सुरुवात करू." मग तिने गोठ्यात नजर फिरवली. आढ्याला एक सुतळी लोंबत होती, खाली गाठ मारलेली. "इथे काय बांधलेलं असायचं? चाटायची वीट?"

"लालसर व्हती कायतरी," गंगाबाई म्हणाली. "हे आनायचे लांज्याहून. मी कधी विचारलं नाय."

"तीच. क्षारांची वीट. शेळ्या चाटतात. उरलेल्या कुठे ठेवायचे?"

"मना काय ठावं."

दाराशी टेकलेला भिकाजी खाली बसला. त्याने डोक्यावरची टोपी काढली. "वैनी," तो म्हणाला, "दादाची वळकटी जड व्हती."

गंगाबाई त्याच्याकडे वळली.

"म्या नेली ना. दोन वेळा खाली ठेवावी लागली वाटंत. मी म्हटलं, गोधडीत येवढं वजन कसलं. आत कायतरी टोचत व्हतं, पन मेलेल्याची वळकटी कोन सोडून बगनार? तशीच ठेवली कोपऱ्यात." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "पावसात दमट होऊ नये म्हनून दादा चांगली वस्तू अंथरुणातच ठेवायचा. बिडीकाडीपन तितंच."

गंगाबाईने आढ्याच्या रिकाम्या सुतळीकडे पाहिलं. शेळ्या स्मशानात का जात होत्या ते तिला कळलं, आणि आपण त्या बांधून ठेवल्या तेव्हा काय केलं तेही त्याच क्षणी कळलं. ती करडं कोणी नेली नव्हती. ती तिने दाराशी विळा ठेवून घालवली होती. डॉक्टरीण तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, मावशी, तुम्हाला कुठून कळणार होतं, आणि दुपारपर्यंत नव्या विटा पाठवते म्हणून निघून गेली.

"मग उद्याचं?" भिकाजीने विचारलं. "भगताला काय सांगू?"

"येऊ नको म्हनून सांगा, भावोजी. कोनाला बांधायचंय आता?"

तिने एकेक करून शेळ्या सोडल्या. सात महिन्यांत त्या वाट विसरल्या नव्हत्या. विटलेल्या अंगांची ती ओळ अंगणातून उतरली, आंब्याखालून गेली आणि पऱ्याकडे वळली. करडाला पोटाशी धरून गंगाबाई मागोमाग निघाली. भिकाजी म्हणाला, "वैनी, बायकांनी नाय जायचं तितं." ती थांबली नाही.

शेडमध्ये शेळ्यांनी कोपरा घेरला होता. गोधडी कुजून तिच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि त्या चिंध्यांत विटा पडल्या होत्या. वरच्या दोन चाटून चाटून मध्ये खोलगट झालेल्या. बाकीच्या रामाच्या जुन्या सदऱ्यात नीट गुंडाळलेल्या, गाठ मारलेल्या, अजून कोऱ्या. गंगाबाई शेळ्यांमध्ये शिरून खाली बसली आणि तिने गाठ सोडली. एकूण आठ होत्या. गोठ्यातली एक वीट महिना-दीड महिना पुरायची, एवढं तिने बारा वर्षं न बघताही बघितलं होतं.

आठ विटा म्हणजे वर्षाची बेगमी. अंथरूण धरायच्या आधी तो शेवटचा लांज्याला गेला होता तो एवढं ओझं घेऊन आला होता. पुढे चार महिने ह्याच विटांवर पाठ टेकून पडला होता, आणि तिला हात लावू देत नव्हता. सगळं सांगायचंच असेल त्याला कधीतरी. तिच्या त्या बोलण्यानंतर राहून गेलं असेल.

शेळ्यांना बरोबर न्यायचं असतं, तर त्याने पुढच्या वर्षाची तरतूद कशाला केली असती?

तिने एक कोरी वीट उचलून मोरीसमोर धरली. मोरीची जीभ विटेवरून फिरताना मध्येच तिच्या मनगटावरून फिरत होती. मांडीवर करडू उठायला धडपडत होतं आणि परत बसत होतं. गंगाबाईने सवयीने तोंड उघडलं, रोज संध्याकाळी उघडायची तसं, आणि तिच्या लक्षात आलं की आता कोणाची समजूत काढायची उरलेली नाही. इथे कोणी रागावलेलं नव्हतं. इथे कोणीच नव्हतं. इतके दिवस तो आहे, ह्याची तिला भीती वाटत होती. आता तो खरोखरच गेला. मेलेल्या नवऱ्यासाठी गंगाबाई त्या दुपारी पहिल्यांदा रडली, आणि शेळ्यांचं चाटून होईपर्यंत रडत राहिली.