हिरव्या पुडीची साक्ष

ल्यावचा हिशेब सरळ होता. तो काम करायचा त्या संगणक विभागाचे प्रमुख निवृत्त होत होते. त्यांची खुर्ची, खिडकी आणि वर्षअखेरच्या मेजवानीत मालकांशेजारची जागा, तिन्ही एका झटक्यात पदरात. अट एकच, मालकांना दिलेला शब्द पाळायचा: मेजवानी रंगात असताना प्रत्येकाला आपापलं बोनसपत्र मेलने जायला हवं.

आडवा आला तो मेल सर्व्हर. आमच्या तैवानातल्या ताइचुङच्या सायकल-साखळ्यांच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या गूताईने त्याला कडक नियमांत कोंडलं होतं. टपालाच्या कप्प्यांपलीकडे कशालाही हात लावायचा नाही, मग हुकूम कुणाचाही असो.

"ताई, सगळ्यात वरचा पासवर्ड माझ्याकडे, तरी हा बोनसची फाइल उघडत नाही!"

"पोस्टमनने तिजोरी उघडायची नसते, साहेब. पत्रं त्याच्या कप्प्यात आणून ठेवते. उद्यापर्यंत वेळ द्या."

"मेजवानी आज आहे! नियमांचं कुंपणच काढ."

"सही द्या, काढते."

"माझ्याकडे सही मागतेस?"

"मग काय, वाटीभर भात मागू?"

ताई जेवायला गेली आणि ल्यावने स्वतःच नियमांना बजावलं: नुसती नोंद करा, अडवू नका. मनात धाकधूक होतीच. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे त्याच्यावर नारळाच्या कुरकुऱ्यांची पुडी ठेवतात. हिरवीच, आणि मुदतीतली. ल्यावने जुनी काढून कोरी ठेवली, वर झोकात आपलं नाव लिहिलं.

घाईत त्याने मेल सर्व्हरला बोनसच्या एकेका पत्राऐवजी अख्खा फोल्डर दाखवला होता. कुंपण असतं तर सर्व्हर तिथेच अडला असता.

मेजवानीत सूप आलं आणि सगळ्यांचे फोन एकदम गुरगुरले. प्रत्येकाच्या हातात प्रत्येकाचं बोनसपत्र.

"अहो मालक," साखळी-विभागातून आवाज आला, "तुमच्या जावईबापूंना सहा पगार आणि आम्हाला एक? ते साखळ्या चावून जोडतात की काय?"

मालकांनी ल्यावकडे पाहिलं.

"यंत्र बिथरलं, मालक! पुडीची मुदत संपली असणार. ताईचं लक्षच नसतं!"

मालक भाविक. हातातल्या चॉपस्टिकसह उठून सर्व्हरच्या खोलीत गेले आणि पुडी घेऊनच परतले.

"हिरवी आहे. मुदत उन्हाळ्यापर्यंत. नावही तुझंच. म्हणजे यंत्र शहाणं होतं. मग बिथरलं कोण?"



आम्हा सगळ्यांना आणखी एकेक पगार मिळाला, तो मालकांच्या खिशातून. जावयाने तीन पगार गमावले. खुर्ची, खिडकी आणि शेजारची जागा गूताईकडे गेली. तिने कुंपण परत घातलं. ल्यावला तिन्हींच्या बदल्यात ती पुडी मिळाली. आता ती त्याच्याच टेबलावर असते, आणि मुदत संपली की नवी आणायची, तीही स्वखर्चाने.