खिडकीपाशी खोकला

"काय होतंय?" दवाखान्याच्या खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं. आवाज असा, की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावा.

"खोकला," बाबा म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरून निघताना मी त्यांच्याकडून तीनदा घोकून घेतलं होतं. मी त्यांना बाजूला केलं. "खोकला नाही. अंडकोषाला सूज आहे. नऊ वर्षांपासून. लिहा."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"ताई, जरा हळू बोला. बायकामाणसं आहेत इथे."

"मीही बाईच आहे. आणि मोठ्यानं तुम्ही विचारलंत."

त्यानं चिठ्ठी फाडून दिली. बाबा मात्र माझ्याकडेही बघेनात.

बाबा शिंपी. आई गेल्यापासून दुकानात आम्ही दोघंच. कापणं-शिवणं त्यांचं, काज-बटण माझं. निम्म्या गावाच्या पँटी त्यांच्या हातच्या. स्वतःच्या पँटी मात्र ते दुकान बंद असताना शिवायचे, आणि धुवायचेही स्वतःच. मागच्या आठवड्यात ते तापानं पडले म्हणून मी त्यांचं कपाट उघडून कपडे इस्त्रीला काढले. नऊ पँटी निघाल्या, दर वर्षाची एक. कंबर तीच, उंची तीच, आसन, म्हणजे दोन पायांमधला भाग, मात्र दरवर्षी बोटभर सैल. शिंप्याच्या मुलीला याहून जास्त काय सांगायला लागतं?

विचारलं तर आधी उडवून लावलं, मग भिंतीकडे तोंड करून सांगितलं. नऊ वर्षांत तीनदा ते या दवाखान्यात येऊन गेले होते. तिन्ही वेळा या खिडकीनं असंच गरजून विचारलं, मागे ओळखीची गिऱ्हाइकं उभी, आणि तिन्ही वेळा बाबा खोकल्याचं औषध घेऊन घरी आले. निमूटपणे प्यायलेसुद्धा! त्यात एका मालिशवाल्यानं सांगितलं, ही तरुणपणीच्या चाळ्यांची फळं. माझे बाबा! आईखेरीज ज्यांनी कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही, त्यांनी ते खरं मानलं. सायकल सोडली, चार माणसांत जाणं सोडलं. माझ्या बक्षीस समारंभाला 'काम आहे' म्हणून आले नाहीत, तेव्हा मी महिनाभर अबोला धरला होता. आज त्याची मला लाज वाटते.

डॉक्टरांनी पडद्याआड टॉर्च लावून तपासलं आणि मला आत बोलावलं. बाबा पट्टा आवळत उभे होते.

"अंडवृद्धी आहे. गाठबीठ नाही, उजेड आरपार दिसतोय, म्हणजे नुसतं पाणी. अंडकोषाभोवती एक पातळ पिशवी असते, तिच्यात साचतं. सुईनं काढलं तर परत भरतं. छोटं ऑपरेशन करू, अर्ध्या तासाचं."

बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, माझं काही... चुकलं होतं का?"

"चुकायचं काय त्यात? कधी मार लागून होतं, कधी जंतुसंसर्गानं, कधी डासांमुळे होणाऱ्या हत्तीरोगानं. पुष्कळांना तर काही कारणच सापडत नाही. चुकलंच असेल तर एवढंच, की उशीर केलात."

"उशीर त्यांनी नाही केला," मी म्हणाले. "तुमच्या खिडकीनं केला. तीनदा आला होता हा माणूस. जरा तिकडे जाऊन विचारा, माणसं रांगेत किती खोकतात ते!"

डॉक्टर चिठ्ठीवर ऑपरेशनची तारीख लिहू लागले. बाबांनी माझी बाही ओढली, "चल गं आता."

ऑपरेशनला दीड महिना झाल्यावर एका सकाळी बाबांनी माझ्या हातात टेप दिली. दुकान उघडं होतं, बाकावर गिऱ्हाईक बसलं होतं.

"माझं माप घे," ते म्हणाले आणि ताठ उभे राहिले. "मोठ्यानं सांग."

मी एकेक आकडा मोठ्यानं सांगितला. त्यांनी खडूनं कापडावर आखलं आणि कापलं. कडेला कापडाची पट्टी उरली. जुन्या मापात ती उरली नसती. बाबा ती बराच वेळ बोटांवरून फिरवत बसले.

"अर्ध्या तासाचं काम होतं गं," ते म्हणाले, आणि त्यांनी मशीन सुरू केलं.